सामायिक फाइलचा कारभार

भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारांच्या काळात बांधलेले शेकडो तलाव मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले, तेव्हापासून ते माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव, म्हणून ओळखले जातात. तलाव कागदोपत्री कुणाचाही असो, त्याच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. बांधीला पाणी हवे असते, गुरांना प्यायला लागते, ढीवरांची मासेमारी असते, पाळीवरून जाण्याची वहिवाट असते, उन्हाळ्यात गाळ उचलायचा असतो. हे सगळे तोंडी ठेवले तर दर हंगामात भांडण ठरलेले. म्हणून विदर्भाच्या महसुली परंपरेने दोन कागद घडवले, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ आणि १६५ खाली ते आजही आहेत. गावातल्या भोगवट्यात नसलेल्या जमिनीची व्यवस्था, म्हणजे चराई, सरपण वगैरे, निस्तार पत्रकात येते. सरकार किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीत आणि पाण्यात सिंचन, वहिवाट, मासेमारी यांचे गावचे जे रिवाज आहेत, ते वाजिब-उल-अर्जात नोंदवतात.

निस्तार पत्रक कसे तयार होते, हे मला फार शिकण्यासारखे वाटते. आधी मसुदा गावात प्रसिद्ध करायचा. मग रहिवाशांची इच्छा जाणून घ्यायची. त्यानंतर जिल्हाधिकारी ते अंतिम करतात. पुढे एखादी नोंद बदलायची तर ग्रामपंचायतीने मागणी करायची. ग्रामपंचायत नसेल तर किमान एक चतुर्थांश प्रौढ रहिवाशांनी अर्ज करायचा. चौकशी होते आणि मगच नोंद बदलते. कागद एकच, ठिकाण ठरलेले, वाचायला सगळ्यांना मोकळा, हात लावण्याचा अधिकार मोजक्यांना, आणि बदलाची वाट आधीच आखून दिलेली. उत्पादनांच्या माहितीपुस्तिका तयार करणाऱ्या कंपन्यांना आज नेमके हेच जमवताना घाम फुटतो.

कोणतेही यंत्र, औषध किंवा मोबाइलमधले अ‍ॅप विकत घेतले की त्याच्यासोबत मजकूर येतो: जोडणी कशी करायची, कसे चालवायचे, काय टाळायचे, बिघडले तर कुठला भाग तपासायचा. हा मजकूर लिहिणे हा आता स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्यासाठी खास सॉफ्टवेअर असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की अवघड काम लिहिण्याचे. प्रत्यक्षात लिहून झालेल्या हजारो लहानमोठ्या फाइली चार-सहा जणांनी मिळून सांभाळणे हे लिहिण्यापेक्षा अवघड असते.

समजा, एक कंपनी धान रोवणीचे यंत्र बनवते. यंत्राची चार मॉडेल, पुस्तिका मराठी, हिंदी आणि तेलुगूत. म्हणजे बारा पुस्तिका. रोवणीच्या नखांत हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करा, ही सूचना बाराही पुस्तिकांत हवी. इंजिन ऑइलचा ग्रेड बाराही ठिकाणी, दुरुस्ती केंद्राचा फोन नंबर बाराही ठिकाणी. सोपा मार्ग म्हणजे एकदा लिहून बारा वेळा चिकटवणे. पहिल्या वर्षी ते चालते. दुसऱ्या वर्षी कंपनी ऑइलचा ग्रेड बदलते. एक जण मराठी पुस्तिका दुरुस्त करतो, दुसरा हिंदी, आणि एका मॉडेलची तेलुगू पुस्तिका कुणाच्याच लक्षात राहत नाही. आता बारापैकी अकरा पुस्तिका खऱ्या आणि एक खोटी. आणि कुठली खोटी हे पुस्तिका पाहून कळण्याची सोय नाही. वाचणारा शेतकरी किंवा मिस्त्री तिच्यावर तेवढाच विश्वास ठेवणार.

कारखान्यांनी हा धोका केव्हाच ओळखला. वरठीचा सनफ्लॅगचा पोलाद कारखाना किंवा गडेगावचा अशोक लेलँडचा गिअरबॉक्सचा कारखाना ज्या वाहन उद्योगाशी बांधलेले आहेत, त्या उद्योगात कागदावर ताबा ठेवणे हा गुणवत्तेचाच भाग मानला जातो. आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.५ याच विषयाला दिले आहे: कागद कुणापर्यंत जाईल, कसा सापडेल, कसा जपला जाईल, बदल कसा होईल, किती काळ ठेवायचा आणि शेवटी त्याचे काय करायचे. अशा कारखान्यांत ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर असतो, नवी रिव्हिजन आली की जुनी मशीनवरून उचलली जाते किंवा तिच्यावर रद्द असल्याचा शिक्का बसतो. कारण जुन्या ड्रॉइंगवर कापलेला गिअर नव्या गाडीत बसत नाही. पोलादाच्या बाबतीत ही शिस्त पाळणारी माणसे पुस्तिकेच्या मजकुराबाबत मात्र ढिली असतात, याचे मला वाईट वाटते. चुकीचा गिअर तपासणीत पकडला जातो. चुकीचे वाक्य थेट ग्राहकाच्या हाती पडते.

यावरचा उपाय असा की चिकटवायचे नाही, बोलवायचे. इंजिन बंद करण्याची सूचना एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये एकदाच लिहायची. बारा पुस्तिकांत ती सूचना ठेवायची नाही, तिचा फक्त पत्ता ठेवायचा. पुस्तिका छापायला किंवा पडद्यावर दाखवायला तयार होते, तेव्हा सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जाऊन मजकूर आणते. मराठीची एक, हिंदीची एक, तेलुगूची एक अशा तीन फाइली दुरुस्त केल्या की बारा पुस्तिका दुरुस्त होतात. फोन नंबर किंवा ऑइल ग्रेड यांसारख्या लहान गोष्टींसाठी तर फाइलही लागत नाही. त्यांना एक नाव द्यायचे, मजकुरात ते नाव लिहायचे आणि किंमत एकाच यादीत ठेवायची. आयबीएममध्ये जन्मलेली आणि २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेली डिटा नावाची पद्धत याच विचारावर उभी आहे. तिच्यात पुस्तिका म्हणजे एक सलग दस्तऐवज नसतोच. एका विषयापुरत्या छोट्या छोट्या फाइली असतात आणि कुठल्या पुस्तिकेत कुठली फाइल कुठल्या क्रमाने येईल हे सांगणारा एक नकाशा असतो. आजच्या बहुतेक दस्तऐवजी सॉफ्टवेअरांनी हीच कल्पना आपापल्या नावाने उचलली आहे.

पण एक गोष्ट नव्याने शिकणाऱ्यांना कुणी सांगत नाही. फाइल सामायिक केली की तिच्यातला प्रत्येक बदल दूरवर पोचतो. एका पुस्तिकेच्या सोयीसाठी कुणी सूचनेत दोन शब्द वाढवले तर उरलेल्या पुस्तिकांतही ते उमटतात, आणि त्या पुस्तिकांच्या लेखकाला पत्ताही लागत नाही. म्हणून सामायिक फाइलला हात लावण्यापूर्वी ती कुठे कुठे वापरली आहे याची यादी पाहायची. चांगली सॉफ्टवेअर ही यादी देतात; ज्यात ती नाही ते सॉफ्टवेअर मोठ्या कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे, सगळेच सामायिक करण्याचा मोह टाळावा. अक्षरशः सारखेच राहायला हवे ते सामायिक करावे: धोक्याच्या सूचना, आकडे, कायदेशीर मजकूर, मोजमापे, संज्ञांच्या व्याख्या. समजावून सांगणारी वाक्ये ज्या त्या पुस्तिकेची राहू द्यावीत. चार मॉडेलांना लागू पडावे म्हणून ओढूनताणून लिहिलेले वाक्य चारपैकी एकाही मॉडेलच्या मालकाला नीट कळत नाही.

बदलाची नोंद कशी ठेवावी, याचा धडा तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात आहे. सातबारा हा आजची स्थिती सांगणारा कागद. ती स्थिती कशी आली, हे सांगणारी वही वेगळी, गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो, नवे नाव चढते आणि त्याच्याशी फेरफाराचा क्रमांक जोडलेला असतो. तो क्रमांक धरून मागे गेले की खरेदीखत होते की वारस नोंद, कोणत्या तारखेची, कुणी प्रमाणित केली हे उलगडते. संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नोंद घेतात, तिची प्रत चावडीवर लावतात, हितसंबंध असलेल्यांना नोटीस देतात. हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत जाते. नोंद लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी दुसरा.

सॉफ्टवेअरच्या जगात हीच वही गिट नावाच्या प्रणालीने आणली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्याचे काम सांभाळण्यासाठी ती लिहिली आणि आज पुष्कळशा पुस्तिकाही तिच्यात ठेवल्या जातात. प्रत्येक बदलासोबत कुणी केला, केव्हा केला आणि का केला याची नोंद राहते. लेखक बदल सुचवतो, दुसरा सहकारी तो वाचतो, हरकती घेतो, मान्य झाला की बदल मुख्य प्रतीत जातो. यातला 'का' सगळ्यांत मोलाचा, आणि लोक आळस करतात तोही तिथेच. 'दुरुस्ती केली' एवढेच लिहिलेली नोंद काही सांगत नाही. 'चाचणीत इंजिन तापले म्हणून ऑइल ग्रेड बदलला' असे लिहिले तर तीन वर्षांनी येणाऱ्या नव्या माणसाला तो ग्रेड परत जुना करण्याची बुद्धी होत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी बदलल्या तर गिट त्या जुळवून घेते. चित्रे, व्हिडिओ, जुन्या पद्धतीच्या वर्ड फाइली यांच्या बाबतीत तसे होत नाही. तिथे कुलूप पद्धत बरी. मी फाइल उघडली आहे, माझे होईपर्यंत इतरांनी फक्त पाहायची.

नावांचा गोंधळ हा सगळ्यांत सामान्य आणि सगळ्यांत खर्चिक. 'पुस्तिका फायनल', 'पुस्तिका फायनल नवीन', 'पुस्तिका फायनल साहेबांनी तपासलेली' अशा फाइली एका फोल्डरमध्ये दिसल्या की समजावे, आवृत्तीची नोंद ठेवायला जागाच नाही म्हणून ती नावात शिरली आहे. नावात उत्पादन, विषय आणि भाषा एवढेच असावे, नेहमी त्याच क्रमाने. तारीख लागलीच तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते.

मराठीत काम करणाऱ्यांना इथे आणखी एक पेच आहे. फाइलचे नाव देवनागरीत ठेवता येते, आणि ठेवावेसे वाटते. पण संगणकात सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. 'शेतकऱ्यांसाठी' या एका शब्दात अशी १३ चिन्हे, म्हणजे ३९ बाइट. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइट असते, तेव्हा देवनागरी नाव ८५ चिन्हांत संपते. तेच नाव वेब पत्त्यात गेले की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात आणि हा एक शब्द ११७ अक्षरांचा होतो. तो पत्ता कुणाला फोनवर सांगून पाहा.

याहून फसवी अडचण 'ऱ्य'ची. काही कळफलकांवर तो 'ऱ' आणि हलन्त यांतून उमटतो, काहींवर 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह यांतून. डोळ्याला दोन्ही सारखे. संगणकाला दोन वेगळे शब्द. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये 'शेतकऱ्यांसाठी' नावाच्या दोन फाइली सुखाने नांदू शकतात, आणि शोध घेतला की एकच सापडते. शिवाय जुन्या डीटीपीच्या दिवसांत कृतिदेव किंवा श्रीलिपीत बसवलेला मजकूर अजून ठिकठिकाणी पडून आहे. तो फाँट नसला की सगळा कचरा दिसतो आणि शोधात तर येतच नाही. म्हणून माझा सल्ला असा: फाइलचे नाव रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवावे, पूर्ण मराठी शीर्षक फाइलच्या आत लिहावे, मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि चमूत सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा. मराठीचा मान मजकुरात राखावा. फाइलच्या नावात तिला अडकवून ती सापडेनाशी करू नये.

चित्रांबद्दल थोडक्यात. चित्रावर शब्द लिहू नयेत, आकडे लिहावेत आणि आकड्यांचा अर्थ खाली मजकुरात द्यावा. मग एकच चित्र तिन्ही भाषांना चालते. आणि छापण्याजोग्या प्रतीशेजारी ज्यातून चित्र काढले ती मूळ फाइल ठेवावीच. ती हरवली की बाणाची दिशा बदलायलाही सगळे चित्र नव्याने काढावे लागते.

आता विल्हेवाटीकडे येऊ. फाइल कधी काढून टाकायची, हे ठरवायला कुणीच धजत नाही, आणि त्यामुळे सामायिक ड्राइव्ह फुगत जाते. इथे सरकारी कचेरीच्या शिस्तीकडे आदराने पाहावे असे मला वाटते. महाराष्ट्रातल्या महसुली अभिलेखांची वर्गवारी ठरलेली आहे: 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, 'क' वर्गाचे १०, आणि 'ड' वर्गाचे काम संपल्यावर वर्षभराने नष्ट करायचे. लिपिकाच्या टेबलावरची सहा गठ्ठा पद्धतही त्याच घराण्यातली. चालू प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे 'ड' वर्गाचे कागद, असे सहा गठ्ठे. प्रत्येक कागदाचे भवितव्य तो टेबलावर असतानाच ठरते.

पुस्तिकांच्या फाइलींना हीच वर्गवारी जशीच्या तशी बसते. ग्राहकाच्या हाती गेलेली प्रत्येक आवृत्ती 'अ' वर्गात घालावी. कारण २०१६ चे यंत्र अजून एखाद्या बांधीत चालत असते आणि त्याच्या मालकाला २०१६ चीच पुस्तिका लागते. नवी त्याला दिशाभूल करील. चित्रांच्या मूळ फाइली आणि चाचणीचे अहवाल यंत्राच्या आयुष्याइतके जपावेत. कच्चे मसुदे, पडद्याची जुनी छायाचित्रे, बैठकीपुरत्या काढलेल्या प्रती यांना जन्मतःच 'ड' म्हणावे आणि वर्षाने खरोखर पुसावे. फोल्डर रचतानाही हे उपयोगी पडते. चालू, प्रतीक्षेतले, प्रसिद्ध झालेले आणि नष्ट करायचे असे चार फोल्डर दिसले तरी नव्या माणसाला कुठे हात घालायचा आणि कुठे नाही ते कळते.

फाइल केवढी असावी, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो पुढे फार महाग पडतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. असा जिल्हा विभागला की अभिलेखही विभागावे लागतात. ज्या नोंदी गावनिहाय बांधलेल्या असतात त्यांचे काम सरळ असते, कारण गाव अखंड इकडे किंवा तिकडे जाते आणि त्याचा गठ्ठा त्याच्याबरोबर जातो. जे रजिस्टर सबंध जिल्ह्याचे मिळून तारखेच्या क्रमाने लिहिलेले असते, त्यात दोन्ही जिल्ह्यांच्या नोंदी एकाच पानावर येतात आणि ते फाडून वाटता येत नाही. कंपन्यांतही अशी विभागणी होते. एक मॉडेल बंद होते, दुसरे विकले जाते, तिसऱ्याचे काम वेगळ्या चमूकडे जाते. सबंध पुस्तिकेची एकच दोनशे पानी फाइल असेल तर ती त्या दिवशी हाताने सोलावी लागते. एका विषयाला एक फाइल असेल तर नकाशा बदलला की भागते. जे एकत्र जाईल ते एका फाइलमध्ये, हाच मापाचा नियम.

राहता राहिला प्रश्न राखणदाराचा. प्रत्येक सामायिक फाइलला एक जबाबदार हवा आणि ती जबाबदारी पदाची असावी, व्यक्तीची नव्हे. तलाठ्याची बदली झाली तर दप्तर साझ्यातच राहते. जाणारा येणाऱ्याला चार्ज देतो, यादी करून, सही घेऊन. खासगी कंपन्यांत अजूनही महत्त्वाच्या फाइली कुणाच्या तरी स्वतःच्या खात्यात असतात, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की महिनाभराने खाते बंद होते, त्याबरोबर फाइलीही जातात. खाते संस्थेचे, फोल्डर पदाच्या नावाने आणि नोकरी सोडताना चार्ज यादी, एवढे केले तरी हे टळते.

हे सगळे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. हा तांदूळ पिकवून स्वतःच्या पिशवीत विकणाऱ्या शेतकरी गटाकडेही वाणाचे वर्णन, मानांकनाचा मजकूर, शिजवण्याची कृती, परवान्यांचे क्रमांक, पिशवीचे डिझाइन अशा पाच-पंचवीस फाइली असतातच, आणि त्या डिझाइनवाला, छपाईवाला, गटाचे सचिव यांच्या फोनमध्ये विखुरलेल्या असतात. अशा गटाला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. गटाच्या नावाचे एक खाते, त्यात एक सामायिक ड्राइव्ह आणि एक तक्ता पुरे. तक्त्यात प्रत्येक मजकुराची एक ओळ: फाइल कुठे आहे, कुणाच्या ताब्यात आहे, शेवटचा बदल केव्हा आणि का झाला, तो मजकूर कोणकोणत्या पिशवीवर, पत्रकावर, फलकावर वापरला आहे आणि फाइल कोणत्या वर्गाची आहे. छपाईवाल्याला फाइल पाठवायची नाही, तिचा दुवा पाठवायचा आणि त्याला फक्त पाहण्याचा अधिकार द्यायचा. मजकूर बदलायचा झाला तर आधी तक्त्यातला 'कुठे वापरला' हा रकाना वाचायचा, मासिक बैठकीत बदल वाचून दाखवायचा, आणि छापून उरलेल्या जुन्या पिशव्यांचे काय करायचे तेही त्याच बैठकीत लिहून ठेवायचे.